वडाची खालची डहाळी

फार वर्षांमागे तळ्याकाठच्या वडावर एक खारूताई पाखरांना घरासाठी जागा दाखवत असे. अंडी घालायला आलेली बुलबुलीण खालच्या डहाळीवर भाळली.

“गार सावली, पाणीही जवळ. हीच द्या, ताई.”

“अगं, आवडली की लगेच हो म्हणायचं नसतं. आधी शेजारी विचार.”

शेजारचा म्हातारा होला म्हणाला, “वटपौर्णिमेला बायका या डहाळ्या घरी पूजेला नेतात, पोरी. माझं घरटं असंच गेलं.”

बुलबुलिणीने मग उन्हातली उंच फांदी घेतली.

पौर्णिमेला एका बाईने खालची डहाळी मोडली आणि डोळे मिटून पुटपुटली, “माझ्या घराला सांभाळ.” वर अंड्यांवर बसलेल्या बुलबुलिणीनेही डोळे मिटले. तिने आधी त्या बाईच्या घरासाठी मागितलं, मग आपल्या.