सुभानाची घोडी

एका डोंगरगावात सुभाना नावाचा एक हुशार तरुण राहत होता. हात कसबी, नजर बारीक, पण मन भारी संशयी. कुणी हसून बोललं तर म्हणायचा, "याचं काहीतरी काम असणार." कुणी न बोलता गेलं तर म्हणायचा, "याच्या पोटात काहीतरी आहे." आता अशा माणसाशी बोलायचं तरी कसं, सांगा!

गावाला पाण्याचे हाल होते. गावतळं उन्हाळ्यात कोरडं पडायचं आणि बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन पार खालच्या वाडीच्या ओढ्यापर्यंत उतरायच्या. डोंगराच्या कुशीत मात्र एक झरा बारमाही वाहत होता. तो तळ्यापेक्षा उंचावर होता, पण मध्ये डोंगराची वळणं आडवी येत होती. डोंगराला वळसा घालत पाट काढला, तर पाणी आपल्या पायांनी चालत तळ्यात येणार होतं. अंतोबा नावाचे एक जाणते मोजणीदार त्या मुलखात होते. पाटलांनी त्यांना बोलावून घेतलं.

अंतोबांनी दोन तरुणांना हाताशी घेतलं. एक सुभाना, दुसरा खालच्या वाडीचा दौलू. त्यांनी दोघांना ओळंबा धरायला शिकवला, खुंट्या ठोकायला शिकवल्या आणि शेवटी हातात घोडी दिली. घोडी म्हणजे दोन लांब लाकडी पाय, वर एकत्र बांधलेले, मध्ये एक आडवी पट्टी आणि शेंड्यापासून लोंबणारा ओळंबा. ओळंब्याची दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असं समजायचं. तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे जायचं. अशी झऱ्यापासून तळ्यापर्यंत पातळीची रेषा आखली, की मग तिच्यावरून पाटाला किती उतार द्यायचा ते ठरवता येतं.

"एक लक्षात ठेवा," अंतोबा म्हणाले. "घोडी पुढे ओढायची नाही, फिरवायची. पुढचा पाय जागेवर, मागचा फिरून पुढे. फुगडीसारखं. उतारावर हे एकट्याचं काम नाही, दोघांनी धरायचं. आणि रेषा खोटी वाटली तर घोडीचे पाय उलटे करून बघायचे."

एवढं सांगून अंतोबा दुसऱ्या गावच्या कामाला गेले. जाताना म्हणाले, "ही रेषा हीच तुमची परीक्षा."

अंतोबांची पाठ वळते न वळते तोच सुभानाच्या डोक्यात किडा वळवळला. पाणी वर तळ्यात आलं तर वाडीला काय मिळणार? काही नाही. आणि रेषा थोडी खाली सरकली तर? सगळं पाणी वाडीच्या शिवारात! मग वाडीचा माणूस घोडीला हात कशाला लावतोय?

दुसऱ्या दिवशी दौलू आला तेव्हा सुभाना म्हणाला, "तू खुंट्या तासून दे. घोडी मी एकटा बघतो."

"अरे, उतारावर एकट्याला फिरवता यायची नाही," दौलू म्हणाला.

"ते माझं मी बघेन."

दौलू काही मुखदुर्बळ नव्हता, पण भांडण नको म्हणून खुंट्या तासत राहिला. आणि सुभाना एकटाच घोडी घेऊन निघाला. फिरवायला गेला की ती कलंडायची. म्हणून त्याने पुढचा पाय हातात धरून उचलायचा आणि मागचा काळ्या कातळावरून खरडत न्यायचा, असं सुरू केलं. काम भराभर होऊ लागलं. बघा, एकट्याने कसं होतं, असं त्याला वाटलं.

तरी जिवाला स्वस्थता नव्हती. संध्याकाळी घरी जाताना तो शेवटच्या खुंटीभोवती चुलीतली राख पसरून जायचा. उद्या काम याच खुंटीपासून पुढे चालणार, म्हणजे कुणी ती खाली सरकवली तर पुढची सगळी रेषाच खाली जाणार. एके सकाळी राखेत वहाणांचे ठसे दिसले आणि खुंटीच्या बुडाशी दगड रचलेले दिसले. वहाण ओळखीची होती, दौलूची. सुभाना कुणाला काही बोलला नाही. मनात मात्र म्हणाला, सापडलास!

आणि झालंही तसंच. रेषा डोंगराला वळसा घालून गावाजवळ आली, ती तळ्याच्या काठापेक्षा चांगली माणूसभर खाली. थेट वाडीच्या शिवाराकडे तोंड करून! सुभानाने तिथेच घोडी टेकली आणि धावत चावडी गाठली.

गाव खवळलं. दौलूला बोलावलं. तो म्हणाला, "मी गेलो होतो तिथे, नाही कशाला म्हणू? मेंढरं तिकडून जातात, खुंटी हलेल म्हणून दगड लावले."

"बघा!" सुभाना ओरडला. "मेंढरांवर ढकलतोय."

शेवटी पाटलांनी ठरवलं, की उद्या दिवस माथ्यावर आला की दौलूने देवळात बेलभंडारा उचलून आपण खुंटी सरकवली नाही अशी शपथ घ्यायची. नाही उचलला तर मोजणीच्या कामातून हाकलायचा आणि वाडीशी रोटीबेटी बंद. दौलूची बहीण त्याच महिन्यात या गावात सून म्हणून येणार होती. ते ऐकून दौलूचा चेहरा एवढासा झाला.

सुभानाला मात्र बेलभंडाऱ्यावरही भरवसा नव्हता. खोटं बोलणारा भंडाराही उचलेल, असं त्याला वाटत होतं. त्याला पुरावा हवा होता. म्हणून सकाळीच तो घोडी घेऊन शेवटच्या खुंटीपासून उलटा झऱ्याकडे मोजत निघाला. जिथे खुंटी सरकवली असेल तिथे रेषेत मोठी उडी दिसेल, तीच दाखवून दौलूचं तोंड बंद करायचं, असा त्याचा बेत होता.

पहिली खुंटी तपासली. घोडीच्या मापाने थोडी वर निघाली. दुसरी आणखी थोडी वर. तिसरी आणखी. मोठी उडी कुठेच नाही, पण खरी म्हणून एकही खुंटी नाही. सुभाना तिथेच बसून विचार करू लागला. चोर एखादी खुंटी सरकवील, दोन सरकवील. दिवसाढवळ्या मी स्वतः ठोकलेली एकूण एक खुंटी, तीही थोडी थोडी करून, तो सरकवील कशी?

मग त्याला अंतोबांचे शब्द आठवले. आजवर त्याने सगळ्या गावावर संशय घेतला होता, पण घोडीवर कधी घेतला नव्हता. ती आपली ना! त्याने दोन दगडांवर घोडी उभी केली आणि दोरी कुठे येते ते पाहिलं. मग पाय उलटे करून त्याच दगडांवर पुन्हा उभी केली. दोरी भलतीकडेच गेली.

त्याने घोडी आडवी टाकली आणि पाय एकमेकांना लावून पाहिले. एक पाय टोकाला झिजला होता. कातळावर खरडून खरडून त्याची पार वाट लागली होती. हा आखूड पाय नेहमी मागेच राहिल्याने दर पावलाला रेषा थोडी खाली उतरत गेली होती, आणि उतरवणारा दुसरातिसरा कुणी नव्हता.

सुभानाला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी मनात एक हलकट विचार आला. कमरेला कोयता आहे. लांब पाय थोडा तासला की दोन्ही सारखे. कुणाला कळणार आहे? रेषा पुन्हा आखू, गावाला पाणी मिळेल, आपलं नावही राहील. दौलू काय, वाडीचाच आहे, जाईल वाडीला.

त्याने कोयता काढलासुद्धा. पाय मांडीवर घेतला. मग त्याला राखेतले ते ठसे आठवले. आपण राख पसरायला गेलो होतो आणि तो दगड लावायला आला होता. सुभानाने कोयता परत कमरेला खोचला, घोडी खांद्यावर टाकली आणि देवळाकडे पळत सुटला.

देवळात सारा गाव जमला होता. दौलूचा हात ताटातल्या भंडाऱ्यापर्यंत पोचला होता.

"थांबा!" सुभाना धापा टाकत म्हणाला. "त्याला शपथ नका घालू. हा पाय बघा."

त्याने सगळ्यांसमोर घोडी उभी केली, उलटी केली, पुन्हा उभी केली. दोरीची ती भलती चाल लहान पोरांनाही दिसली. मग त्याने सांगितलं, की मी दौलूला घोडीला हात लावू दिला नाही, म्हणून ती फिरवायच्या ऐवजी खरडत नेली, म्हणून पाय झिजला. चोर शोधायचा तर तो इथे उभा आहे.

मग पाटील हळूच म्हणाले, "काय रे दौलू, तुझं काय म्हणणं?"

दौलूने ताट बाजूला सारलं. त्याला राग नव्हता असं नाही, चांगलाच होता. तो पुढे आला आणि त्याने घोडीचा झिजलेला पाय हातात घेतला. "गड्या, आधी हा पाय बदलू," तो म्हणाला. "आणि उद्यापासून एक पाय माझ्या हातात. मान्य आहे का बोल."

सुभानाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दोघे झऱ्यापासून पुन्हा निघाले. एकाने पुढचा पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने मागचा फिरवून पुढे आणायचा. सकाळी काम सुरू करण्याआधी सुभाना घोडी उलटून पाहायचा, आणि दौलू त्याला चिडवायचा, "काय म्हणते? आज कुणाचं नाव घेते?" रेषा डोंगराला वळसा घालून आली ती बरोबर तळ्याच्या काठाच्या वर. पाट झाला, पाणी आलं, आणि तळं भरून वाहिलं ते जादा पाणी वाडीलाही मिळालं. दौलूच्या बहिणीच्या लग्नात सुभाना पंगतीत वाढत होता. खुंट्यांभोवती राख पसरायला मात्र तो पुन्हा कधी गेला नाही.

तात्पर्य: संशय घ्यायचाच असेल तर तो आधी आपल्या मापावर घ्यावा. आपलं माप तपासणाऱ्याला शेजाऱ्यावर संशय घ्यायची पाळी सहसा येत नाही.