वाकळीचं पोट

कुसरवाडीच्या वरच्या अंगाला, तळ्याच्या काठाशी एक काळा खडक आहे. लांबून पाहिलं तर कुणीतरी वाकळी घड्या घालून एकावर एक रचून ठेवल्या आहेत असं वाटतं. जुन्या लुगड्यांचे थर देऊन हाताने शिवलेली जाड गोधडी म्हणजे वाकळ. या खडकाचे थरही तसेच, दिसायला मऊ, टोकांना किंचित दबलेले. चैत्रात तळं आटतं, भोवतालचे दगड हात लावू देत नाहीत इतके तापतात. हा खडक मात्र गारच असतो. भाद्रपद सरून आश्विन लागला, उतारावर कारळ्याची पिवळी फुलं आली, की डोंगर चढून येणारे पाहुणे इथं विसाव्याला थांबतात. त्यांना गावातल्या हौसाबाई ढेबे आधी एकच गोष्ट सांगतात.

"कुटंबी बसा, पर त्येच्यावर न्हाई."

"का हो मावशी? घसरतो का?"

"घसरत न्हाई बाबा. धरतो."

सगळे हसतात. जो बसलेला असतो तो हसत हसतच उठतो. मग हौसाबाई पदर सारखा करतात आणि जे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं, ते सांगतात.

फार मागे कुसरवाडीत वीस-बावीस घरंच होती म्हणे. पाऊस ओसरला की बायका ओट्यांवर सुईदोरा घेऊन बसायच्या. थंडी डोंगर उतरून येण्याआधी घराघरात एक तरी नवी वाकळ व्हायला हवी, अशी रीत होती. त्याच दिवसांत छपरावरचे लाल भोपळे उतरायचे. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात नव्या पिकाचं पीठ मळायचं आणि कारळ्याच्या तेलात घारगे सोडायचे. दुपारभर गावात तोच वास असायचा.

वाकळीचा एक कोपरा मात्र कुणी शिवत नसे. हंगामातला पहिला घारगा कढईतून निघाला की त्याचा घास त्या कोपऱ्यात घालायचा आणि मगच टाका मारायचा. याला वाकळीचं पोट भरणं म्हणत. जी थंडीभर आपल्याला ऊब देणार, तिला उपाशी कसं ठेवायचं? बाळंतिणीच्या वाकळीला तर घास नव्हे, अख्खा घारगा लागे. घरातल्या म्हाताऱ्या बाईने कोपरा चाचपून पाहायचा, पोट भरलंय म्हणायचं, आणि तेव्हाच ती वाकळ अंगावर घ्यायची.

याच गावात राही नावाची बाई होती. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, असं सांगतात. तिची लेक पारू बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती, म्हणून राहीने या खेपेला वाकळ शिवताना स्वतःच्या लग्नातलं लुगडंही फाडून आत घातलं. तिच्या मनात एकच होतं, ही दोन जिवांची पोर धड सुटावी.

त्या वर्षी आश्विन लागला तरी पावसाने पाठ सोडली नाही. वेल कुजले, शेतात वरी काळी पडली. पाऊस थांबला त्या दिवशीच थंडी आली, अगदी दाराशी येऊन बसावी तशी. राहीच्या छपरावर एकच भोपळा उरला होता. कापला तर आत सडलेला. चांगली फोड निघाली ती तळहाताएवढी. मूठभर पीठ मळून तिने कढई ठेवली. घारगा झाला तो एकच.

पारू आतल्या खोलीत पडून होती. आठ दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही टिकलं नव्हतं. ती भिंतीला धरून दारात आली.

"आये, कसला गं वास?"

"वाकळीचा घारगा हाय. तू पड जा."

"मला दे की. वाईचसा दे. माजं पोट मागतंय."

आठ दिवसांत लेकीने पहिल्यांदा काही मागितलं होतं. राहीने घारग्याकडे पाहिलं, उघड्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि घारगा लेकीच्या हातावर ठेवला. पारूने तो अख्खा खाल्ला, बोटं चाटली आणि हसली. तो पोटात राहिला. राहीला वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

पण वाकळ उघडी होती, आणि रिकाम्या पोटाची वाकळ आपली सासू लेकीच्या अंगावर पडू देणार नाही हे तिला ठाऊक होतं. पुढचा भोपळा कुठून यायचा? थंडी तर घरात शिरली होती. तिने तळ्यावरून आणलेला एक गोल चपटा दगड उचलला, घारग्याएवढाच, पाय घासायला ठेवलेला. तो हळदीच्या पानात गुंडाळून कोपऱ्यात सारला आणि तांदळाएवढ्या टाक्यांनी कोपरा बंद केला.

संध्याकाळी सासूने, म्हणजे भागूआत्याने, कोपरा चाचपला.

"घारगा लई घट्ट झालाय गं."

"नाचणीचं पीठ जास्त पडलं, आत्याबाई."

"आसूं दे. मला थोडाच चावायचाय! पोट भरलंय."

चौथ्या दिवशी पारूला मुलगी झाली. मायलेकींवर नवी वाकळ घातली. सकाळी पारू म्हणाली, गार लागतं. राहीने खाटेखाली निखारे ठेवले, ते बघता बघता काळे पडले. शेकाचं कढत पाणी उंबरा ओलांडेपर्यंत निवून जाई. दुपारी ओट्यावर सगळ्यांच्या वाकळी उन्हात घातल्या, बाकीच्या तापल्या. राहीची वाकळ तशीच गार, तिच्यावरचं दंव दुपारपर्यंत सुकलं नाही. उचलताना ती एकटीला उचलेना. दुसऱ्या दिवशी दोघींना जड झाली. शेजारी कुणाकडे तवा तापला की तिचा शिवलेला कोपरा हलतो, असं राहीला दिसू लागलं.

वाकळ काढून आढ्याला टांगली तरी पारूचे पाय तापेनात. पोरीचं रडणं बारीक होत चाललं. तिसऱ्या दिवशी ते मांजराच्या पिल्लाएवढंही उरलं नाही.

भागूआत्याने सुनेला वाकळीसमोर बसवलं.

"हिच्या पोटात काय घातलंस?"

राहीने सांगितलं. म्हातारी ओरडली नाही. तिने टांगलेल्या वाकळीकडे बोट केलं.

"लेकीला दिलास, त्यात पाप न्हाई. पर हिला सांगायचं हुतंस, बाई, थांब, आज न्हाई म्हून. उपाशी हाय ती थांबली आसती. फसवलेली कशी थांबंल?"

दोघींनी वाकळ उतरवली आणि कोपरा उसवला. आत दगड नव्हता, हळदीचं पानही नव्हतं. राहीने हात घातला. चार बोटं जाडीची वाकळ ती, पण हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत गेला, आणि तळ लागेना. आत मात्र ऊब होती, बाळंतिणीच्या अंगाला असते तशी. राहीने हात बाहेर काढला आणि तो नाकाशी नेला. त्याला लेकीच्या दुधाचा वास येत होता.

गावातल्या बायकांनी कुठून कुठून पीठ आणलं, रताळं आणलं, घारगे केले. एकेक घारगा कोपऱ्यात सारला. एकही तळाशी पडल्याचं कळलं नाही. वाकळ तेवढी आणखी जड झाली.

नवान्न पौर्णिमेच्या भर दुपारी पोरगी रडायची थांबली. राही उठली. दोघींना न उचलवणारी ती वाकळ तिने एकटीने खांद्यावर घेतली. जणू वाकळीलाच जायचं होतं, असं सांगतात. ती तळ्याच्या वाटेला लागली. भागूआत्या काठी टेकत मागून निघाली, पण तिचे पाय पुरे पडेनात. ती वर पोचली तेव्हा राही काठावर बसली होती आणि वाकळ डोक्यावरून ओढून घेत होती. म्हातारीने तिचं शेवटचं बोलणं ऐकलं.

"दगड म्या दिला. मला दगड कर. पर आता ऊब माजी घे, लेकीची सोड."

वाकळ हळूहळू खाली बसत गेली. एक घडी पडली, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. कसलीच घाई नव्हती. भागूआत्याने पुढे होऊन वरची घडी धरली, तेव्हा तिच्या हाताला दगड लागला. त्याच घटकेला खाली घरात पारूच्या तळपायांना घाम फुटला, आणि पोरीने दुधासाठी असा टाहो फोडला की तो तळ्यापर्यंत ऐकू आला. म्हातारी तो टाहो ऐकत खडकाला धरून बसून राहिली. तिला उठवायला चौघीजणी लागल्या, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं पुढे कधीच तापली नाहीत.

कुसरवाडीच्या बायकांनी त्यानंतर वाकळीची रीत मोडली नाही, पण होती तशीही ठेवली नाही. पोटुशी लेक आणि वाकळ, दोघींना भूक एकदम लागते, आणि यात कुणाला मागे ठेवायचं हे एकट्या आईवर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ही शहाणीव त्यांना कुठल्या पोथीने दिली नव्हती.

आजही कुसरवाडीत हंगामातला पहिला घारगा एकटा तळत नाहीत. दोन घारगे दोन हातांनी एकाच वेळी तेलात सोडतात. त्यातला एक घरातल्या सगळ्यांत भुकेल्या बाईला, एक वाकळीला. पीठ एकाच घारग्यापुरतं असलं तर तेच दोन भागांत मळतात, मग ते घारगे रुपयाएवढे झाले तरी चालतात. कोपरा शिवताना शेजारणी बोलावतात, आणि शिवणारीने आधी उघडा तळहात सगळ्यांना दाखवायचा असतो.

नवान्न पौर्णिमेला एक घारगा खडकाकडे जातो. सगळ्यांत खालच्या थराला, कोपऱ्यात एक कपार आहे, तिथं तो ठेवतात. यंदा तो हौसाबाईंनी ठेवला. हात कोपरापर्यंत आत गेला. एका पाहुण्याने विचारलं, "मावशी, मागच्या वर्षीचा आत आहे का हो?"

हौसाबाई तोवर हात बाहेर काढून पदरात गुंडाळून चोळत होत्या.

"ठेवायचा आन् निघायचं," त्या म्हणाल्या. "चाचपून बघायचं न्हाई."