सरूच्या वाटणीचा गूळ

फार वर्षांपूर्वीची, आपल्या हिरडखोऱ्यात घरोघरी संडास नव्हते तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी येसाक्का राहायची. नवरा गेलेला, घरात एकुलती लेक सरू, पाच वर्षांची. सरूच्या पोटात जंत झाले. पोट फुगलं, हातपाय वाळले. गूळ खाल्ला की जंत होतात, हे तेव्हा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! म्हणून येसाक्कानं गुळाचं मडकं आढ्याला टांगलं. सरू वर बघत म्हणायची, "आये, येवढासा खडा दे की." येसाक्कानं काळजावर दगड ठेवला, पण दिला नाही. आणि मागता मागताच सरू गेली.

महिन्याभरानं गावात वैदू आला. त्याच्यापुढे येसाक्का रडली. तो म्हणाला, "गुळानं जंत व्हत न्हाईत, आक्का. हागनदारीची माती हाताला लागती, आन् त्योच हात तोंडात जातो."

असं म्हणतात, त्यानंतर ती कधी रडली नाही. हागनदारीच्या वाटेवर पाण्याची घागर, चुलीतली राख आणि ते मडकं घेऊन बसली. जे पोर राखेनं हात धुवेल, त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. मग काय, गाव खवळलं. "सोताची खाल्ली, आता आमची खायला बसली," बायका म्हणाल्या. शेजारणी चुलीसाठी विस्तवही देईनात. सणावारी माणसं तिच्या दारावरून जात, पण आत कोणी डोकावत नसे. फार एकटी पडली बिचारी. पोरं मात्र कुणाचं ऐकतात? गुळापायी चोरून येत, हात धूत आणि पळत.

असं म्हणतात, वीस वर्षं ते मडकं रिकामं झालं नाही, आणि विस्तव नसलेल्या चुलीत राख कमी पडली नाही. तिचा गूळ खाल्लेलं एकही पोर जंतांनी गेलं नाही, हे ती पोरं स्वतः आईबाप झाल्यावर ध्यानात आलं. शहाणपण आपल्या गावाला जरा उशिराच सुचतं. सगळे मिळून तिच्या दारी गेले, तर घागर भरलेली, राख कोमट, आणि येसाक्का नाही. पुन्हा ती कुणालाच दिसली नाही.

आता घरोघरी नळ आहे, साबण आहे. तरी हिरडखोऱ्यात मूल पहिल्यांदा आपल्या हातानं जेवणार असलं, की त्याचे हात राखेनं धुतात आणि गुळाचे दोन खडे काढतात. एक त्याच्या तळहातावर. दुसरा ओढ्याच्या वाटेवरच्या दगडावर ठेवून त्याची आई म्हणते, "सरू, घे गं बाय. आता कुनी न्हाई म्हनत न्हाई."