ब्रेकचा वीतभर दांडा

“ब्रेक कुणासाठी केलायसा, मास्तर?”

“थांबण्यासाठी.”

“कशासाठी न्हाई विचारलं. कुणासाठी?”



विचारणारे हुसेन वस्ताद माझ्या विमानाच्या डाव्या चाकाशी बुटक्या स्टुलावर बसले होते. वय ब्याऐंशी. उभं आयुष्य त्यांनी एकाच शेडमध्ये काढलं होतं. तिथं लाकडी ग्लायडर दुरुस्त होत. मोडलेले पंख, फाटलेलं कापड, सुटलेले सांधे. शिक्षण चौथीपर्यंत.

मी चौतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. कुठली वस्तू किती भाराला मोडते, हाच माझा विषय. नावाआधी डॉक्टर लागतं. निवृत्तीनंतर सात वर्षं खपून मी हे दोन खुर्च्यांचं लाकडी विमान बांधलं. प्रत्येक सांधा वस्तादांना विचारून केला, आणि त्यांनी सांगितल्यावर घरी जाऊन पुन्हा गणितानं तपासला. त्यांना ते ठाऊक होतं. बोलले कधी नाहीत.

त्या दिवशी विमान पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर जमिनीवरून धावणार होतं. चालवणार होती माझी मुलगी, मृणाल. ती वैमानिकांना शिकवते. तिची रजा तीन दिवसांची, आणि हा तिसरा दिवस. अकरानंतर माळावर वारा उठतो, त्याआधी काय ते उरकायचं होतं.

आमची धावपट्टी म्हणजे माळावरचा सहाशे मीटरचा मुरमाड पट्टा. त्याच्या टोकाला दगडाची जुनी खाण आहे. चाळीस फूट खोल.

त्या खाणीचा विचार मी सात वर्षं करत होतो.

आणि पिन वस्तादांच्या बंडीच्या खिशात होती.

ही त्यांच्या शेडची रीत. तपासायला आलेला वस्ताद आधी विमानाच्या काठीची पिन काढून खिशात टाकतो. या काठीनंच विमान वर-खाली होतं, कलतं. पिन नसेल तर काठी नुसती लुळी. काम पसंत पडलं तर पिन परत मिळते. नाही पडलं तर वस्ताद पिन घेऊन घरी जातो. त्यावर हुज्जत चालत नाही.

“अप्पा, सांगा ना त्यांना,” मृणाल म्हणाली. “सव्वानऊ झाले.”

“मृणालसाठी,” मी म्हणालो. “ब्रेक मृणालसाठी केलेत.”

“बरं.”

वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते अंगठ्यानं बघतात. जुन्या मोपेडची ब्रेकची ताटली चाकात बसवली होती, तिच्यावरून अंगठा फिरला. मग तारेवरून वर, खुर्च्यांच्या मधल्या दांड्यापर्यंत. तिथं थांबला.

“दांडा लांब लागतोय.”

“वीतभर नळी जोडली आहे. वेल्डिंग करून. त्यानं जोर वाढतो.”

“किती?”

“मृणालनं मागितला त्याच्या चौपट.”

“चौपट कशाला?”

“आम्ही हिशेबात तेवढी सुरक्षितता धरतो.”

“मग पाचपट का न्हाई?”



“पाचपटही केला होता, चाचा,” मृणाल हसत म्हणाली. “दांडा पुढच्या फळीला अडायला लागला, म्हणून कापला.”

वस्ताद हसले नाहीत.

त्यांनी डाव्या खुर्चीवर हात ठेवला. ती मृणालची. प्लायवूडचे पातळ थर मी वाफेवर वाकवून, एकावर एक चिकटवून तिच्या पाठीच्या मापाची केली होती. ते मापही तिच्या तीन जुन्या कुडत्यांवरून काढलं होतं, कारण ती सदैव बाहेरगावी.

“ही खुर्ची न्हवं,” ते म्हणाले. “पाळणा हाय.”

मला बरं वाटलं. सात वर्षांत इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

मग अंगठा उजव्या खुर्चीकडे गेला. कडेवर एके ठिकाणी अडला. तिथं मी लाकूड घासलं नव्हतं.

“ह्यात कोण?”

“कुणी नाही. वाळूचं पोतं ठेवणार आहे. वजनापुरतं.”

“स्क्रू किती?”

“…चार.”

“पोरीच्या खुर्चीला?”

“आठ.”

“पोत्याला खुर्ची कशाला लागती, मास्तर? पोतं फळीवर बसतंय.”

मी म्हणालो, की विमानाच्या आराखड्यात दोन खुर्च्या होत्या. आराखड्यात होती म्हणून केली.

वस्ताद उठले. गुडघे धरून, सावकाश.

“पोतं काढा. तुम्ही बसा.”

“मी?”

“आमच्या शेडात ज्यानं खुर्ची केली, त्यो पयला बसायचा.”

“वस्ताद, माझं वजन एकाहत्तर किलो. पोतं साठचं. विमानाचा तोल—”

“गणितात बसतंय का न्हाई?”

मी मनात आकडे मांडले. मांडायची गरज नव्हती. हे गणित मी दोन वर्षांपूर्वीच केलं होतं.

“…बसतं.”

“मग बसा.”

इंजिन बंदच ठेवायचं होतं. पट्ट्याच्या या टोकाला उतार आहे. चाकांखालचे दगड काढले, की विमान आपोआप गडगडत जातं. साठ पावलांवर मृणालनं चुन्याची रेघ मारली होती. रेघ आली की ती ब्रेक ओढणार. एवढीच परीक्षा.

वस्तादांनी एक हिरवा बांबू मागवला. पट्ट्याकडेच्या माझ्या शेडमागून मृणालनं तो तोडून आणला. त्यांनी तो विमानाच्या पोटाखाली सुंभानं आवळला. टोक नाकाच्या पुढे हातभर काढलं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“पयल्या खेपेला बांधत्यात.”

मला वाटलं, म्हाताऱ्याची रीत. मीही म्हाताराच, पण मला रीती नाहीत. मला आकडे आहेत.

मी उजव्या खुर्चीत बसलो. न घासलेली कड मांडीला टोचली. कमरेचा पट्टा पोत्याच्या मापाचा होता, शेवटच्या भोकापर्यंत ओढला तेव्हा कसाबसा पोटावरून गेला.

मृणाल शेजारी बसली. लहानपणी ती माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहायची. तेव्हाही मी एका हातानं तिचा फ्रॉक धरून ठेवायचो. ती ओरडायची, “सोडा ना, अप्पा!” मी सोडत नसे.

“माझे पाय पेडलवर, हात ब्रेकवर,” ती म्हणाली. “तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. काय?”

“हो.”

“अप्पा…”

“हो म्हटलं ना.”

वस्तादांनी दगड काढले.

विमान हललं. आधी बैलगाडीसारखं, कुरकुरत. मग मुरूम चाकांखाली जोरात वाजू लागला. पंख थरथरले. माणूस पळतो तेवढा वेग असेल. गणितानं सांगतो, ताशी सोळा-सतरा किलोमीटर. त्यात भिण्यासारखं काही नाही.

चुन्याची रेघ अजून लांब होती.

रेघेच्या पलीकडे पट्टा होता. पट्ट्याच्या पलीकडे आभाळ होतं. तिथं जमीन दिसत नव्हती.

मृणालचा हात दांड्यावर होता. शांत.

मी तो दांडा तिच्या हातासकट धरला आणि ओढला.

चाकं जागीच अडकली. शेपूट उचललं गेलं. समोरचं आभाळ गेलं आणि जमीन आली. एकदम, तोंडावर. माझ्या खुर्चीचे चारही स्क्रू उपसले गेल्याचा आवाज मी ऐकला. खुर्ची पुढे सरकली, तिच्याबरोबर मी, आणि माझं कपाळ समोरच्या फळीवर आदळलं.

बांबू कडाडला.

वाकला… पण मोडला नाही.

प्रॉपेलरचं पातं जमिनीपासून वीतभर उंचीवर होतं. विमान बांबूच्या टोकावर तोलून उभं राहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. आकडा नाही.

मग शेपूट धपकन खाली आलं.

मृणालला काही झालं नव्हतं. तिची खुर्ची जागची हललीही नव्हती. ती माझ्याकडे वळून नुसती बघत होती. माझ्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं.

वस्ताद उतारावरून चालत आले. घाई केली नाही. आधी बांबू चाचपला. मग माझी सुटलेली खुर्ची.

“ब्रेक कुणी वढला?”

“मी,” मृणाल लगेच म्हणाली. “दगड दिसला, चाचा. एकदम मधे आला, म्हणून…”

वस्तादांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना माझं तोंड दिसत नसणार. तरी ती तशीच ठेवली.

मी गप्प राहिलो असतो, तर चाललं असतं. लेक माझ्या बाजूनं बोलली होती. आणि पिन… पिन कदाचित तरीही मिळाली असती.

“मी ओढला,” मी म्हणालो. “दगडबिगड काही नव्हता. तिचा हात धरून मी ओढला.”

माळावर एक टिटवी ओरडत होती.

वस्ताद पाठमोरे झाले आणि चढावरून शेडकडे चालू लागले. शेडपलीकडे त्यांची सायकल होती. हल्ली ते तिच्यावर बसत नाहीत, हातात धरून नेतात.

“गेले,” मृणाल हळू आवाजात म्हणाली. “अप्पा, गेले ते.”

तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सायकलपाशी ते थांबले. हँडलला अडकवलेली पिशवी काढली. पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली, आणि परत आले.

दांड्याला जोडलेली माझी नळी त्यांनी अंगठ्यानं मोजली. वेल्डिंगचा जोड शोधला. तिथं करवत लावली.

“वस्ताद, नळी गेली तर तो चौपट जोर जाईल…”

“धरा हिकडं. हलू देऊ नका.”

मी धरलं. ते कापत राहिले. लोखंडाचा कीस माझ्या बोटांवर पडत होता, गरम. दम लागला की ते थांबायचे, मीही थांबायचो. मृणालनं करवत मागितली, त्यांनी दिली नाही.

नळी तुटून माझ्या हातात आली. त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली, पिनेच्या शेजारी.

मग मला म्हणाले, “खुर्ची.”

मी खुर्ची पुन्हा बसवली. नवी भोकं, आठ स्क्रू. कपाळावर मृणालची ओढणी बांधलेली. कड घासली. वस्तादांनी अंगठा फिरवला, म्हणाले, “आणिक.” आणखी घासली. पुन्हा अंगठा. “आणिक.” तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत. पट्टाही मी माणसाच्या मापाचा केला, आणि खुर्चीला न बांधता खालच्या चौकटीला बांधला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मृणालचा पट्टा मी आधीच तसा बांधला होता, म्हणजे मला ते येत होतं.

साडेदहा वाजले.

बांबू बदलला. विमान ढकलत उतारावर आणलं. या खेपेला मृणाल एकटी गेली. चुन्याची रेघ आली, तिनं दांडा ओढला. चाकं हळूहळू दबत गेली. रेघ ओलांडून सहा पावलांवर विमान उभं राहिलं. शेपूट जमिनीला लागलेलंच होतं.

“जरा उशिरा थांबलं,” मी म्हणालो.

“थांबलं,” वस्ताद म्हणाले.

आम्ही खाली गेलो. वस्तादांनी स्वतः बांबूचं सुंभ सोडलं. मग खिशातून पिन काढून मृणालच्या तळहातावर ठेवली. तिनं ती कपाळाला लावली आणि काठीत बसवली. काठी हलवून पाहिली. शेपटाची पट्टी वर झाली, खाली झाली.

“पावणेअकरा,” ती म्हणाली. “निघू या.”

निघू या? कोण कोण?

मी शेडकडे वळलो. “पोतं आणतो.”

“मास्तर.”

मी थांबलो.

“खुर्ची कुणी केली?”

“वस्ताद, आता इंजिन लावून जायचंय. आता खाण खरोखर समोर येणार. मी स्वतःला ओळखतो. आत्ता कबूल करीन, आणि तिथं गेल्यावर पुन्हा ओढीन.”

“वढशीला,” ते म्हणाले. “मला ठावं हाय.”

“मग?”

मृणाल डाव्या खुर्चीत बसली होती. तिनं पट्टा आवळला होता, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पुढे बघत होती, धावपट्टीच्या टोकाकडे.

मी उजवीकडे चढलो. कड टोचली नाही. पट्टा पोटावरून नीट आला. माझे हात मात्र कुठं ठेवावेत ते मला कळेना. मांडीवर ठेवले, तर ते आपोआप मधल्या दांड्याकडे सरकू लागले…

वस्ताद जवळ आले. त्यांनी माझा दांड्याकडचा डावा हात चाचपून धरला, उघडला, आणि कापलेल्या नळीचा वीतभर तुकडा त्यात ठेवून माझी बोटं एकेक करून मिटवली.

“वढावंसं वाटलं, की ह्यो वढा.”