टिटवीचा बांध

मुंग्या सांगितलेलं काम शब्दाबरहुकूम करायच्या, त्या काळातली ही गोष्ट. त्यांची भाषा एकट्या कासवाला येई, आणि त्याचा त्याला अभिमान होता. काम असेल त्याने आधी सगळं कासवाला सांगायचं. मग ते सावकाश त्याची मुंगीभाषा करून एकदम मुंग्यांना सांगणार.

एकदा ओढ्याचं पाणी चढू लागलं. काठावर टिटवीची अंडी होती.

"अंडी वाचवायला बांध हवा ना? सगळं सांग," कासव म्हणालं. "परवा काम होईल."

"परवापर्यंत अंडी राहतील का, काका?"

शेजारची साळुंकी म्हणाली, "काकांचं ऐकून ऐकून ती भाषा आता मीही शिकलेय. टिटवीताई, तू आपलं साधं एकेक वाक्य बोल. मी लगेच त्यांना सांगते."

"माती आणा," टिटवी म्हणाली. मुंग्यांनी आणली. घाईत ती म्हणाली, "अंडी झाका." मुंग्या अंड्यांवरच माती टाकू लागल्या.

"थांबा. वर नको, भोवती बांध घाला," टिटवी ओरडली.

बांध उभा राहू लागला.

"माझ्या पद्धतीनं सगळं एकदम सांगितलं असतं, तर मुंग्यांनी मध्ये न थांबता काम झपाट्यानं केलं असतं," कासव पुटपुटलं.

"हो काका," साळुंकी म्हणाली. "चूक कळायच्या आत अंडीही झपाट्यानं पुरली गेली असती."

कासव सरकत बांधाजवळ आलं. मग म्हणालं, "टिटवे, पुढचं वाक्य बोल. मीही ऐकतो."