काकूचा हात येतो कसा?

एक होती खार. इवलीशी. नाव तिचं चुटकी.

चुटकीला मिळाला शेंगदाणा. घरी धाकटा भाऊ भुकेला. दाणा त्याच्यासाठीच!

चुटकी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. दाणा सुटला. टण्ण! पडला रिकाम्या बरणीत. बरणी खोल, बरणी निसरडी.

चुटकी रडली, "चिर्र चिर्र!"

अंगणात शेवंताकाकू पापड घालत होती. ओला पापड हळूच उचलायची, हळूच ठेवायची. तेवढ्यात आला कावळा. काकूचा हात गेला सप्पकन! "हुश्श!"

बाई गं! चुटकी घाबरली. पण भाऊ भुकेला ना! गेली तुरुतुरु.

"काकू काकू, दाणा काढून दे.
भाऊ माझा भुकेला!"

"हात माझे पिठाचे. आधी पाणी हवं. जा, काकांना सांग."

काका विहिरीवर.

"काका काका, पाणी द्या.
पाणी काकूला,
दाणा मला,
भाऊ माझा भुकेला!"

"दोर तुटलाय गं. जा, आजोबांना सांग."

आजोबा ओट्यावर.

"आजोबा आजोबा, दोर द्या.
दोर काकांना,
पाणी काकूला,
दाणा मला,
भाऊ माझा भुकेला!"

"चहाशिवाय माझा हात हलत नाही बघ! जा, आत्याला सांग."

आत्या चुलीपाशी.

"आत्या आत्या, चहा दे.
चहा आजोबांना,
दोर काकांना,
पाणी काकूला,
दाणा मला,
भाऊ माझा भुकेला!"

"चहात गवती चहा नको? जा, त्यालाच सांग."

गवती चहा परसात, सळसळ सळसळ.

"गवत्या गवत्या, पात दे.
पात आत्याला,
चहा आजोबांना,
दोर काकांना,
पाणी काकूला,
दाणा मला,
भाऊ माझा भुकेला!"

"भाऊ भुकेला? अगं, मग घे की!"

पात मिळाली आत्याला. कप भरला काठोकाठ. आत्याचा हात निघाला हळू... हळू... थेंब नाही सांडला.

आजोबा चहा प्यायले, फुर्र फुर्र. दोर वळला भरभर भरभर.

काकांनी पाणी ओढलं, सर्र सर्र.

काकूने हात धुतले. बरणीत घातला हात. दाणा मुठीत!

तेवढ्यात पुन्हा कावळा. काकूचा दुसरा हात गेला सप्पकन! "हुश्श!"

मग मुठीचा हात वळला चुटकीकडे. चुटकीने डोळे मिटले घट्ट. आता मला हुश्श!

पण हात आला हळू... हळू... ओल्या पापडाकडे जातो ना, तसा. अलगद उघडला. तळव्यावर दाणा!

"घाबरलीस, बाळ? सप्पकन येतो तो कावळ्यासाठी. तुझ्यासाठी हा असाच येणार."

चुटकी हाताला बिलगली. मग पळाली तुरुतुरु.

भावाने दाणा खाल्ला, कुटुकुटु कुटुकुटु. पोट भरलं टुम्म. ताईच्या कुशीत झोपला गुडुप.