भोकं बुजवलेला मोर

घरातल्या वस्तू माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. प्रमोदिनीबाईंनी प्लॅस्टिकचे बारीक मणी साच्यावर मांडून मोर केला. वर बटर पेपर ठेवून हलकी इस्त्री फिरवली, तसे मणी एकमेकांना चिकटले. मग तुऱ्यातल्या मण्याच्या भोकातून दोरा ओवून त्यांनी मोर बैठकीच्या भिंतीवर टांगला.

धाकट्या जाऊबाई आल्या. मोराजवळ जाऊन म्हणाल्या, "छान आहे, पण भोकं दिसतात."

ते मोराच्या मनाला लागलं. "बाई, माझी भोकं बुजवा. मला काचेसारखं गुळगुळीत व्हायचंय," तो म्हणाला.

इस्त्री नुकतीच अकरा शर्ट उरकून टेकली होती. ती म्हणाली, "राहू दे रे. त्यातल्याच एका भोकात तुझा दोरा आहे."

"तुला कामाचा कंटाळा आलाय."

"तो तर आलाच आहे," इस्त्री म्हणाली.

जाऊबाईंचं बोलणं बाईंनाही टोचलं होतं. त्यांनी दोरा काढला आणि इस्त्री दाबून धरली. मोर काचेसारखा झाला. मग बाई बराच वेळ दोरा ओवायला जागा शोधत बसल्या, पण सुईसुद्धा कुठे शिरेना.

पुढच्या खेपेला जाऊबाई आल्या, तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली पाहिलं.

"हे मात्र अगदी गुळगुळीत आहे हं," त्या म्हणाल्या, आणि पाणी पिऊन तांब्या पुन्हा मोरावर ठेवला.

कोपऱ्यात इस्त्री गार होत होती.